अनोळखी नावाची गिटार

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या डिचोलीच्या भाच्याने दहावीचा निकाल हाती पडताच गिटारीची मागणी केली आणि तिची निवड करण्याचे काम आमच्याकडे आले. पेडण्याच्या आमच्या वाड्यावरील भजनात गेली तीसेक वर्षे आम्ही पेटीवर बसतो. ज्याला पेटी कळते त्याला सगळीच वाद्ये कळतात, अशी आमच्या भगिनीची भाबडी समजूत आहे आणि ती दूर करण्याइतके धैर्य आम्हांला कधी झाले नाही. भावोजींनी मर्यादा घालून दिली होती ती दहा हजारांची. त्यातच पिशवी, तारांचा जादा संच आणि जाण्यायेण्याचा खर्च बसवायचा होता.

म्हापशाच्या एका दुकानात आम्ही मामा-भाचे गेलो. यामाहाची गिटार हाताळली. ती मर्यादेच्या पलीकडे होती. कोलकात्याच्या गिवसनवर आपल्याकडील कित्येकांनी पहिले धडे गिरवले, तेही नाव आम्हांला ऐकून ठाऊक होते. परंतु दुकानदाराने आग्रहाने पुढे केली ती तिसरीच एक. डोक्यावर सोनेरी अक्षरांत एखाद्या इटालियन शहराचे वाटावे असे नाव, कडेने शिंपल्यासारखी चमकणारी नक्षी, किंमत आठ हजारांच्या आसपास. दिसायला ती महागड्या गिटारींहून देखणी होती. ते नाव मात्र आम्ही कधी ऐकलेले नव्हते, भाच्याच्या मित्रांपैकीही कोणी ऐकलेले नव्हते. (ते येथे देत नाही, एका नगाच्या अनुभवावरून कोणा कंपनीची स्तुती वा निंदा करणे बरे नव्हे.) भाच्याचा हात तिच्यावरून निघेना. आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली आणि त्याला घेऊन बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये तो आमच्याशी बोलला नाही.

ही दोन दिवसांची मुदत आम्हांला का हवी होती, ते सांगायला हवे. चौदा वर्षांपूर्वी याच घरात याच्या थोरल्या बहिणीसाठी आम्ही एक पेटी आणून दिली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पेटी अशीच अनोळखी नावाची, चकचकीत पॉलिशची आणि स्वस्त. आम्ही दुकानात चार सूर वाजवून पाहिले आणि पैसे मोजले. पहिल्याच श्रावणात पट्ट्या फुगून अडकू लागल्या, भात्यातून हवा निसटू लागली आणि वरच्या सप्तकातील दोन सूर उतरले. पोरगी शिकवणीहून येऊन रियाजाला बसे, सूर चुकला की आपलेच बोट चुकले असे समजून पुन्हा वाजवी. दोन वर्षांनी तिने पेटी बंद केली. 'मला गाण्यातले कळत नाही' असे ती म्हणे आणि घरातील सर्वांनी ते मान्य केले. पुढे केव्हातरी ती पेटी आम्ही स्वतः वाजवून पाहिली, तेव्हा दोष कोणाचा होता हे आमच्या ध्यानात आले. लहान मुलाला वाईट वाद्य दिले की ते वाद्याला नाव ठेवीत नाही, स्वतःला ठेवते.

घरात विरोधही थोडा झाला. भगिनीच्या सासूबाईंना हे वाद्य परके वाटत होते, आणि त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादींतले महाल. ते पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. जुन्या काबिजादींत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई, तसे आमच्याकडे घडले नाही. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात पेटी, पखवाज, झांजा आणि चवथीला घुमट. गिटार दिसली तर हरमलच्या किनाऱ्यावर, परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात. सासूबाईंना आम्ही एवढेच म्हटले, की तुमची पेटी तरी कुठे आपली? ती पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास आकाराला आली, कोलकात्यात हातपेटी झाली आणि आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत उंबऱ्याबाहेर ठेवले होते. तरीही बोरीच्या तुळशीदास बोरकरांना त्याच पेटीसाठी २०१६ साली पद्मश्री मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "पेटीवर निदान आरती वाजते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे वाद्य घेताना नाव पाहण्याची रीत होती, पण ते नाव माणसाचे असे. मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा गवई कारागिराच्या दारात जाऊन बसे. तबली कोणत्या लाकडाची, भोपळा कुठला, हे त्यालाच विचारी, आणि सहा महिन्यांनी जवारी बिघडली तर त्याच दारात परत जाई. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या दाराच्याच पुण्याईवर.) घुमटाला तर नावच नसते. डिचोलीच्या कुंभाराकडे चार मडकी ठोकून पाहायची आणि खणखणीत बोलेल ते उचलायचे. आज ते गोव्याचे वारसावाद्य म्हणून मिरवते, २०१९ पासून. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत, आता कायद्यामुळे बकऱ्याचे. तरी निवडण्याची पद्धत तीच राहिली आहे.

गिटारीच्या डोक्यावरील नाव या जातीचे नव्हे. आज स्वस्त गिटारी बहुतांशी चीनमधील मोठ्या कारखान्यांतून येतात. ग्वीझोऊ प्रांतातील झेंगआन येथे तर अशा कारखान्यांची वसाहतच उभी आहे. एकाच कारखान्यातून निघालेल्या मालावर मागणी करणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे निरनिराळी नावे चढतात. तेव्हा अनोळखी नावाचा अर्थ माल वाईट असा होत नाही; त्या नावामागे जाब विचारण्याजोगा कोणी उभा असेलच असे नाही, एवढाच होतो. मोठ्या नावालाही कधीतरी अनोळखी असण्याचा काळ होताच. तोराकुसु यामाहा हा गृहस्थ १८८७ साली जपानमधील हामामात्सु गावच्या शाळेतली नादुरुस्त पायपेटी दुरुस्त करायला गेला आणि त्यातून स्वतःच पायपेट्या करू लागला. गिटारी पुष्कळ नंतरच्या. त्या पायपेटीची गोष्ट आमच्या भजनी मंडळींना फार आवडते.

मग मोठ्या नावाचे जादा पैसे आपण कशासाठी देतो? आम्हांला उमगलेले उत्तर असे, की पहिल्या नगासारखाच शंभरावा नग असेल याची हमी आपण विकत घेतो. कारखान्यात कोणीतरी वाकडी मान बाजूला काढलेली असते. अनोळखी नावात हे बाजूला काढण्याचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. ते करण्याची तयारी असेल तर स्वस्तातही चांगली वस्तू मिळते. नसेल तर ठेवणीतले पैसे काढून माहितीतले नाव घ्यावे, हे उत्तम.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, या खेपेला भाचीलाही बरोबर घेऊन. ती आता तेवीस वर्षांची, पणजीला नोकरी करते. आली ती केवळ भावाच्या रुसव्यावर तोड म्हणून. खिशात पोलादी पट्टी, एक पातळ कागद आणि मोबाइलचा दिवा. दुकानदार भला होता. त्याने त्याच नावाच्या, त्याच नमुन्याच्या दोन गिटारी काढून दिल्या.

प्रथम मान पाहिली. सुतार फळीची धार एक डोळा मिटून पाहतो तशी डोक्याकडून घोडीकडे पाहायची. (सतारीची परिभाषाच येथे सोयीची पडते. पडदे, घोडी, खुंट्या, तबली हे सारे गिटारीला आहेच.) मानेला किंचित पुढे बाक असणे हा दोष नव्हे, तारांना थरथरायला जागा लागते, आणि मानेच्या पोटात बसवलेली पोलादी सळई फिरवून तो बाक कमीजास्त करता येतो. परंतु मानेला पीळ असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली गेली असेल, तर ती सळई निरुपयोगी आहे. पहिल्या नगाच्या मानेला असा पीळ निघाला. दुसऱ्याची मान सरळ होती. नाव एक, नमुना एक, किंमत एक, आणि वस्तू मात्र दोन. त्या क्षणी आमची अर्धी शंका फिटली आणि अर्धी दुणावली.

नंतर स्वर. येथे पेटीवाल्याचा कान थोडा उपयोगी पडला. गिटारीच्या सहा तारा जाडीकडून पातळकडे मोजल्या तर पेटीच्या पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन या पट्ट्यांवर लागतात. एकही काळी पट्टी नाही. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तार यांत बरोबर एका सप्तकाचे अंतर पडले पाहिजे, कारण बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. ते पडले नाही तर गिटार मोकळी असताना सुरात आणि वाजवताना बेसूर, असा प्रकार होतो. आणि शिकणारा मुलगा खुंट्या पिळत बसतो. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा दाबून पाहिली. यात पाऊण तास गेला. दुकानदाराने चहा मागवला. एका पडद्यावर किंचित खरखर होती, बाकी स्वच्छ.

पोलादी पट्टीने बाराव्या पडद्यापासून जाड तारेची उंची मोजली, तर ती चार मिलिमीटर निघाली. अडीच ते तीनच्या दरम्यान असावी. हा एक मिलिमीटर दिसायला क्षुद्र, पण नवशिक्याच्या बोटांच्या टोकांना रडवणारा तोच. तार उतरवण्यासाठी घोडीवरील पांढरी पट्टी घासावी लागते आणि बाराव्या पडद्यावर एक मिलिमीटर कमी व्हायला तेथे दोन घासावे लागतात. म्हणून ती पट्टी घोडीच्या वर किती उभी आहे हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. घासायला जागाच उरली नसेल तर ती गिटार कितीही गोड वाजो, दुकानातच राहू द्यावी. आमच्या नगात जागा होती.

घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सारून पाहिला. शिरला नाही, म्हणजे सरस धरून होता. हे पाहणे फार महत्त्वाचे. पोलादी तारांचा एकूण ताण साधारण सत्तर किलोंच्या घरात जातो. एक मोठा माणूस रात्रंदिवस त्या घोडीला लोंबकळत असतो असे समजावे. नायलॉनच्या तारांचा ताण याच्या जवळजवळ निम्मा, म्हणूनच नायलॉनच्या गिटारीला पोलादी तारा चढवण्याचा मोह कोणी करू नये. मग पाठ आणि तबली बोटांनी ठोकून पाहिली. आतली एखादी पट्टी सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. डिचोलीच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. भाच्याने ते आमच्याहून झटकन ओळखले आणि दोन दिवसांत प्रथमच हसला.

भोकातून दिवा आत टाकून पाहिले तेव्हा तबलीच्या कडेला तीन पापुद्रे स्पष्ट दिसले. म्हणजे ती अखंड लाकडाची नव्हती, पापुद्रे चिकटवून केलेली होती. येथे जाणकार मंडळी नाक मुरडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. गिटारीचा आवाज तबलीत असतो. आंतोनिओ दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या आणि तबली तेवढी उत्तम लाकडाची लावून हे सिद्ध करून दाखवले. अखंड तबली वर्षागणिक मोकळी होऊन गोड बोलू लागते, पापुद्र्यांची फारशी सुधारत नाही. परंतु हा सल्ला बहुधा कोरड्या हवेच्या देशांतून आलेला असतो. लाकडी वाद्याला मानवते ती हवेतील आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांची. आषाढात पेडण्याला ती ८५-९० पर्यंत चढते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि दारे चौकटीत बसत नाहीत. अखंड लाकूड आडवे फुगते, तबलीला पोट सुटते, तारा वर उचलल्या जातात. पापुद्रे मात्र एकमेकांच्या आडवे चिकटवलेले असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात. वातानुकूल खोली नसलेल्या कोकणी घरात, सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती, पहिले वाद्य म्हणून आम्हांला पापुद्र्यांची तबली उणी वाटली नाही. उलट ती समजुतीची निवड वाटली. इंदूर-नागपूरकडील वाचकांची अडचण याच्या उलट आहे. तिकडच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, पडद्यांची टोके मानेच्या कडेबाहेर येऊन तळहाताला ओरखडतात. कड बोटाने चाचपून पाहावी. आत्ता ओरखडत असेल तर वैशाखात रक्त काढील.

शेवटी आम्ही भाचीला म्हटले, "तू दाबून बघ." ती नको नको म्हणत होती. मग एक तार दाबली, दुसरी दाबली आणि बराच वेळ एकाच पडद्यावर बोट ठेवून ऐकत राहिली. "मामा, ही बोट ठेवते तिथेच बोलते," ती म्हणाली. आम्ही दुसरीकडे पाहू लागलो.

पैसे देण्याची वेळ आली तेव्हा दुकानदाराने ती गिटार बाजूला ठेवून नोकराला हाक मारली. "हा पाहण्याचा नग आहे, तुम्हांला बंद खोक्यातला नवा देतो." त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु वाचकहो, सारी मेहनत येथेच पाण्यात जाते. पाऊण तास तपासलेला नग ठेवून न पाहिलेला घरी न्यायचा म्हणजे पहिल्या पिळलेल्या मानेलाच आमंत्रण. आम्ही म्हटले, हाच द्या, याच्यावर बोटांचे डाग असले तरी चालतील. त्याला थोडे नवल वाटले. मग त्याने आपण होऊन दोनशे रुपये कमी केले. घरबसल्या मोबाइलवरून मागवणाऱ्याला हा हट्ट धरता येत नाही. मोठ्या नावाची वस्तू तशी मागवली तर एक वेळ चालेल, अनोळखी नावाची मागवू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

हिशेबात मात्र किमतीच्या आकड्यावर थांबू नये. कारखान्याच्या तारा गंजकट होत्या, त्या बदलल्या. घोडीची पट्टी घासणे आणि तो एक खरखरणारा पडदा बसवणे यासाठी जाणत्या कारागिराला मजुरी दिली. दोन्ही मिळून दीड हजार. शिवाय मुलाचा छंद सुटला तर माहितीतल्या नावाची गिटार विकून काही पैसे परत मिळतात, अनोळखी नावाला गिऱ्हाईक सापडत नाही. हे सारे धरून भावोजींच्या दहा हजारांतले सव्वादोनशे उरले, ते भाच्याने बसभाड्यात आणि वड्यांत संपवले.

एक पावसाळा आता उलटून गेला आहे. आषाढात तार अर्ध्या मिलिमीटरने वर आली. घासायला कारागिराकडे धावण्याची घाई आम्ही केली नाही, कारण पाऊस गेल्यावर ती खाली येते. मार्गशीर्षात ती आली. गिटार भिंतीवर टांगू दिली नाही, कौलारू घराची बाहेरची भिंत जुलैत घाम गाळते. ती पिशवीत, पिशवीत सुंठीच्या पुरचुंडीएवढ्या ओलशोषक खड्यांच्या पिशव्या आणि कपाटात संध्याकाळी दोन तास लहान दिवा, ही जुन्या पेटीसाठी आमच्या वडिलांनी काढलेली युक्ती. चवथीला सासूबाईंनी तिच्यावर आरती वाजवून घेतली. फारशी जमली नाही, पण त्यांनी तसे म्हटले नाही.

तारा मात्र आमच्या खाऱ्या हवेत तीन महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. तो खर्च भाचीने आपल्या पगारातून उचलला आहे, आणि भाच्याची तक्रार अशी, की शनिवारी-रविवारी गिटार त्याच्या खोलीत सापडत नाही.